रांजणाला सील

संपादकांनी घरी येऊन गळ घातली. म्हणाले, "वकीलसाहेब, दिल्लीत मक्तेदारीविरुद्ध कायदा झालाय. मोठ्या कंपन्यांना एकत्र यायचं तर आता सरकारला विचारावं लागणार. तुमच्या काळात असलं काही नव्हतं. तेव्हाच्या व्यापाऱ्यांच्या एकीबद्दल लिहा. दिवाळीचा अंक आहे, जरा खुसखुशीत होऊ द्या."

खुसखुशीत! अहो, चकली आहे का ती? सोलापूरच्या कोर्टात आयुष्य घासलं मी. त्यातलं खुसखुशीत असं फार थोडं, आणि जे आहे तेही शेवटी दाताखाली खडा आल्यासारखं. पण माणूस चहा पिऊन गेला, शब्द देऊन बसलो, आता लिहिणं भाग आहे.

आमच्या काळात असलं काही नव्हतं, हे मात्र खोटं. आमच्या काळात करार कायद्याचं कलम सत्तावीस होतं. चिमूटभर कलम. एखाद्याला त्याचा सरळ धंदा करण्यापासून अडवणारा करार तेवढ्यापुरता रद्द, असं ते सांगतं. त्याला एक अपवाद आहे. कुणी आपलं दुकान नावलौकिकासकट विकलं, तर विकणाऱ्याला त्याच गावात पुन्हा तेच दुकान मांडायला बंदी घालता येते. बस, एवढंच. व्यापाऱ्यांनी आपसात बसून दर ठरवले, चार दुकानांचं एक केलं, तर त्यांना विचारणारा कुणी नव्हता. त्यांचं आपसात फाटलं आणि एकजण कोर्टात आला, तरच कोर्ट त्या कागदाकडे बघणार. आणि ज्याच्या खिशातून ते सगळं निघायचं, त्या गिऱ्हाइकाला कोर्टात जागाच नव्हती, कारण करार त्याच्याशी झालेलाच नसायचा.

असे कागद मी पुष्कळ लिहिले. अक्कलकोट रस्त्यावर दोघांच्या मोटारी चालत. दोघांचं हाडवैर. एकाने भाडं उतरवलं की दुसरा त्याहून उतरवायचा. एकाने उतारूंना पानाचा विडा द्यायला सुरुवात केली, तर दुसऱ्याने लिंबाचं सरबत काढलं. लोकांची नुसती चंगळ. मग एक दिवस दोघे गळ्यात गळा घालून माझ्या ओट्यावर हजर. म्हणाले, आमची एकी लिहून द्या. मी लिहून दिली, चांगली मुद्देसूद लिहिली. त्यानंतर विडा गेला, सरबत गेलं, आणि टपावर माणूस मावेनासा होईपर्यंत मोटार हलेना.

पंधरवड्यात एक धनगर शेरडू काखेत मारून दारात उभा. "भांडत व्हते तवा माजं शेरडू बी फुकाट जायचं की वो. आता त्याचं बी तिकीट मागत्यात. कागुद तुमी केला म्हनं. फाडा की त्यो!"

मी म्हटलं, "बाबा, तो कागद फाडायचा अधिकार माझा नाही."

"मंग कुनाचा हाय?"

त्याला काय सांगणार, कपाळ माझं! तेव्हा आम्ही दोघेही हसलो. पण तो प्रश्न पुढे मला फार छळणार होता.

आता मल्लप्पाचं सांगतो. हे सांगायचं नव्हतं. पण ते गाळून लिहायचं तर संपादकांनी दुसऱ्या कुणाकडे तरी जाऊन चहा प्यावा.

मल्लप्पा निळारी. सूत निळीत रंगवणारा. आमच्या गावात साळी, पद्मसाळी हातमागावर लुगडी विणत, आणि निळ्या-काळ्या लुगड्यांचं सूत रंगायचं ते या निळाऱ्यांकडे. घरात कानडी, बाजारात मराठी, विणकरांशी मोडकंतोडकं तेलुगू, अशा तीन भाषा तो सहज बोलायचा. हात कोपरापर्यंत निळे. लग्नात जेवायला बसला तरी पंगतीत लांबून ओळखू यायचा.

नीळ पाण्यात नुसती कालवून सूत रंगत नाही. ती आंबवावी लागते. जमिनीत गळ्यापर्यंत पुरलेले मोठे रांजण, त्यात नीळ, चुना, टाकळ्याचं शिजवलेलं बी, थोडा गूळ. ते मिश्रण जिवंत असतं. रोज सकाळी त्याला खायला घालायचं, ढवळायचं, थेंबभर जिभेवर ठेवून बघायचं की आज त्याला काय हवं, चुना की गूळ. याला निळारी "घास घालणं" म्हणत. घास चुकला की रांजण मरतो. मेला की नवा लावायला जिवंत रांजणातलं तांब्याभर पाणी लागतं, दह्याला विरजण लागतं तसं. त्याशिवायही लावता येतो म्हणतात, पण निम्म्या वेळा नासतो. म्हणून या लोकांचा एक रिवाज होता. विरजण मागायला आलेल्याला नाही म्हणायचं नाही. भाऊबंदकी असो, कोर्टकज्जा असो, हाडवैरी असो, तांब्या घेऊन दारात आला की भरून द्यायचा. मल्लप्पाचा रांजण त्याच्या आज्याने लावलेला, आणि गावातल्या बाकीच्या रांजणांत कधी ना कधी त्याचंच पाणी गेलेलं.

गावात असे चार रंगखाने होते. त्यातला एक हिराशेठ नावाच्या सूतवाल्याने विकत घेतला, आणि मग बाकी दोघांना हाताशी धरून त्याने एकी जुळवली. दर एक ठेवायचा. चार रंगखाने गावाला जास्त होतात, म्हणून मल्लप्पाचा बंद ठेवायचा. बंद राहण्याबद्दल त्याला दरमहा वाटा मिळणार, पण पुन्हा या शहरात त्याने सूत रंगवायचं नाही. म्हणजे हात न हलवण्याचा पगार. तो कागद घेऊन मल्लप्पा माझ्याकडे आला.

"वाचा की सायेब. मला अक्षर येतंय, पर ह्ये अक्षर येगळंच हाय."

मी वाचून समजावलं. म्हटलं, "मल्लप्पा, हा कागद कायद्याने रद्द आहे. उद्या तुम्ही रंगखाना उघडलात तर शेवटी कोर्ट तुम्हाला अडवणार नाही. पण त्यांनी वाटा बुडवला तर तो मिळवूनही देणार नाही."

"म्हंजी दोनी बाजूनं पोकळ." तो हसला. "मंग शेट वाटा द्येनार त्यो कशाच्या जोरावर?"

"शब्दाच्या."

"सही न्हाई केली तर तिगं मिळून मला मारत्यात सायेब. दसऱ्यापासनं तोट्यात रंगवायलेत. माजं समदं साळी तिकडं ग्येलं." मग जरा थांबून म्हणाला, "एक इचारतो. रांजण बंद म्हंजी काय? घास घालू का नगं?"

मी कागद पुन्हा पाहिला. रांजण बंद ठेवून सूत रंगवू नये, एवढंच त्यात होतं. मी म्हटलं, "घास घाला की. खायला घालणं म्हणजे रंगवणं नव्हे."

त्याचा चेहरा असा उजळला की बास! त्या एका उत्तरावर त्याने सही केली.

पुढे रोज सकाळी तो रंगखान्याचं दार उघडायचा, रांजणाला घास घालायचा, ढवळायचा, झाकण ठेवायचा आणि कुलूप लावून घरी जायचा. सुताची एकही गुंडी, म्हणजे लड, त्यात बुडवली नाही. एकदा मी वाटेत थांबून म्हटलं, "रंग कसा चढतो ते बघायचं होतं हो. माझा हा हातरुमाल बुडवून दाखवा." तर म्हणाला, "न्हाई सायेब. रुमाल बी सूतच हाय की. शबूद दिलाय." मी वकील, मला लाज वाटली.

मग हिराशेठने पुढचा डाव टाकला. तिन्ही रंगखाने मोडून एक कंपनी केली. दारावर इंग्रजी पाटी लागली. परदेशी रंगाच्या पुडीचे डबे आले, लोखंडी टाक्या आल्या, आणि तिन्ही जुने रांजण उपसून गटारात ओतले. ते गटार निळं वाहताना पोरंटोरं बघायला जात होती. तीन दुकानांची एक कंपनी करताना कुणाची परवानगी लागली का? डोंबल! हवी कुणाला होती?

महिना भरला आणि तोवर वेळेवर येणारा मल्लप्पाचा वाटा आला नाही. तो शेठकडे गेला.

शेठ गादीवर रेलून म्हणाला, "मल्लप्पा, तू करार केलास तो तीन दुकानांशी. ती दुकानं आहेत का आता?"

"दुकानं न्हाईत, पर तुमी हाय की!"

शेठने दिवाणजीकडे बघून मान हलवली, म्हणजे आता याला वाटेला लावा.

इकडे कंपनीने दर चढवले. गावात दुसरं दारच नव्हतं, जाणार कुठे? नरसय्या नावाचा एक पद्मसाळी मल्लप्पाच्या घरी गेला. "मामा, मी कंपनीचा दर द्यायला गेला तर माग इकायला लागतंय. तुमी रंगवा. रांजण हाय ना तुमचा?"

रांजण होता! सगळ्या शहरात आता तेवढा एकच जिवंत होता. मल्लप्पा माझ्याकडे धावत आला. मी सांगितलं, खुशाल उघडा. वाटा बंद झाला, शब्दही सुटला.

त्या दिवशी मी मुद्दाम बघायला गेलो. पांढरी गुंडी त्याने रांजणात सोडली, हाताने दाबली आणि वर काढली. निळी कुठली, चांगली हिरवीगार! मी म्हटलं, काहीतरी बिघडलं. तो नुसता हसला, गुंडी पिळून वाऱ्यावर धरली, आणि बघता बघता ती हिरवी गुंडी निळी होत गेली. नरसय्याने हात जोडले. मल्लप्पाने माझ्याकडे रुमाल मागितला आणि बुडवून दिला. "आता घ्या. आता रुमाल बी रंगवायला मोकळीक हाय." एवढा सुखी माणूस मी आमच्या धंद्यात क्वचित पाहिला.

होळीच्या सुमारास कंपनीने दावा लावला. वाटा द्यायच्या वेळी ती तीन दुकानं मेली होती ना? आता मल्लप्पाला अडवायच्या वेळी ती जिवंत झाली. कंपनीने त्यांचे सगळे हक्क घेतले आहेत, त्यात हा करारही आला, आणि मल्लप्पाने बंद राहण्याबद्दल वाटा घेतला म्हणजे आपला नावलौकिकच विकला, तेव्हा कलम सत्तावीसचा अपवाद लागू, असं त्यांचं म्हणणं. समोरचे वकील दादासाहेब. हुशार माणूस, आवाज गोड, आणि मुद्दा नसला की त्याहून गोड. त्यांनी निकाल लागेपर्यंत तात्पुरता मनाई हुकूम मागितला आणि वर सांगितलं, "रांजण रोज ढवळला जातो, साहेब. अगदी करार चालू असतानाही ढवळला जात होता. म्हणजे रंगवायचा बेत पहिल्यापासूनच होता."

कोर्टाने पाहणीला कमिशनर धाडला. त्याने पाहून लिहिलं, नीळ वापरण्याच्या स्थितीत आहे. झालं! माझंच उत्तर मल्लप्पाच्या अंगावर आलं.

सबजज्ज भला माणूस होता, हे आधी सांगतो. लाचखाऊ असता तर मला इतकं वाईट वाटलं नसतं. त्यांनी हुकूम सांगितला, निकाल लागेपर्यंत रंगखान्याला सील.

मी उठलो. "साहेब, रंगवायला बंदी करा, मान्य आहे. पण रोज सकाळी बेलिफासमक्ष एकदा आत जाऊन रांजणाला घास घालू द्यावा."

"कशाला काय घालू द्यावा?"

मी सगळं समजावून सांगितलं. कोर्टात खसखस पिकली. दादासाहेब म्हणाले, "माझे मित्र रांजणाला वारस म्हणूनही उभं करतील." आणखी हसू झालं.

सबजज्जांनी हसू आवरून मल्लप्पाला विचारलं, "उपास घडला तर काय होतं?"

"मरतंय, सायेब."

"मग नवा लावता येत नाही?"

"इरजाण लागतंय. गावात दुसरा रांजण ऱ्हायला न्हाई. ह्येंनीच वतलं समदं."

सबजज्ज जरा विचारात पडले. मला आशा वाटली, खोटं कशाला सांगू! मग म्हणाले, "घास घालणं म्हणजे नीळ तयार ठेवणंच. ते चालू ठेवलं तर मनाईला अर्थ काय उरला? नुकसान झालंच तर भरपाईचं शेवटी बघू. किंमत काय त्या रांजणाची?"

मल्लप्पाने माझ्याकडे पाहिलं. "आज्जानं लावलेला हाय," एवढंच तो म्हणाला. ती काही कोर्टात चालणारी किंमत नव्हती. मी वरच्या कोर्टात अर्ज केला, पण त्यांनीही मनाईच्या हुकमात हात घालायला नकार दिला.

हुकूम झाला त्याच दिवशी दाराला सीलाची लाख लागली होती.

मग तारखा. साल तीसचं. उन्हाळ्यात शहरात गडबड उडाली, लष्कर आलं, कचेऱ्या बंद पडल्या. त्या सुरू झाल्या तेव्हा दादासाहेब आजारी. ते बरे झाले तर त्यांचा साक्षीदार मुंबईला. मल्लप्पा प्रत्येक तारखेला यायचा. दाव्याबद्दल चकार शब्द नाही. एवढंच विचारायचा, "आज दार उघडत्यात का?" नाही म्हटलं की सरळ रंगखान्याकडे जायचा आणि दाराच्या फटीला नाक लावून बसायचा. शेजारची पोरं चिडवायची त्याला. एकदा येऊन म्हणाला, "वास बदललाय. आंबूस हुता, आता कुजका यायलाय." मी अर्ज केला, फेटाळला. पावसाळ्यानंतर पुन्हा आला. ओट्यावर टेकला.

"काय हो मल्लप्पा?"

"आता वासच येत न्हाई, सायेब."

मी आत गेलो आणि बायकोसमोर रडलो. एवढा बाप्या वकील, दुसऱ्याच्या रांजणासाठी रडलो. ती बिचारी घाबरली, तिला वाटलं गावाकडचं कुणी गेलं.

संक्रांतीची गड्ड्याची जत्रा उठली आणि निकाल लागला. आम्ही जिंकलो! दोन्ही मुद्द्यांवर जिंकलो. मल्लप्पाने नावलौकिक विकलेला नाही, करार कलम सत्तावीसप्रमाणे रद्द, प्रतिवादी आपला धंदा करण्यास पूर्ण मोकळा, दावा खर्चासह फेटाळला. निकाल इतका सुरेख लिहिला होता की दादासाहेबांनीही तारीफ केली. बाररूममध्ये माझी पाठ थोपटली गेली. पुढे वर्षानुवर्षं नवे वकील तो निकाल वाचायला माझ्याकडून नेत. माझा सगळ्यात मोठा विजय म्हणाल तर तोच.

बेलिफाने लाख फोडली. मी, मल्लप्पा, नरसय्या आत गेलो. मल्लप्पाने झाकण सरकवलं. वर पांढरट साय, खाली काळं पाणी. त्याने बोट बुडवलं, जिभेवर ठेवलं आणि तसाच उभा राहिला. थुंकला नाही. त्याचे हात मी तेव्हा नीट पाहिले. पार पांढरे पडले होते, कुणा कारकुनाचे असावेत तसे.

"न्हाय," तो म्हणाला.

तरी त्याने नाद सोडला नाही. टाकळ्याचं बी शिजवून नवा लावून बघितला, नासला. पुन्हा लावला, पुन्हा नासला. मग कुणीतरी सांगितलं, अक्कलकोटला त्यांच्या जातीचा एक म्हातारा अजून रांजण राखून आहे. मल्लप्पा तांब्या घेऊन मोटारीने गेला. हो, त्याच मोटारीने, चढ्या भाड्याने. संध्याकाळी परत आला तो रिकामा तांब्या घेऊन.

"नाही म्हणाला?" मी विचारलं. मला खरंच नवल वाटलं, कारण त्यांच्यात नाही म्हणत नाहीत.

"न्हाई म्हनंल कसा, सायेब? गळ्यात पडून रडला की त्यो. कंपनीचा मानूस त्येच्याकडं बी येऊन ग्येला. बंद ऱ्हा, म्हैन्याला वाटा घे. ह्यानं सही केली. त्येला कुनी सांगितलंच न्हाई, की घास घातला तर चालतंय."

त्या म्हाताऱ्याचा कागदही कलम सत्तावीसप्रमाणे रद्द होता. शंभर टक्के रद्द. त्याने दावा लावला असता तर तोही जिंकला असता.

आता दिल्लीचा नवा कायदा. मी तो मागवून वाचला, डोळे अधू झालेत तरी वाचला. चांगला आहे. एकत्र येण्याआधी विचारायचं, आयोग बसणार, चौकशी होणार, दोन्ही बाजू ऐकून घेणार. ऐका, जरूर ऐका. पण मी त्यातलं पान न् पान उलटून एकच गोष्ट शोधत होतो, की तुमची चौकशी चालू असेल तोवर घास कोण घालणार? ते मला कुठे सापडलं नाही. माझी नजर चुकली असेल तर जाणत्यांनी कळवावं.

मल्लप्पाची शेवटची भेट कंपनीच्या फाटकापाशी झाली. मी एका अशिलाला भेटून परत येत होतो, आणि कामावर जाणाऱ्या माणसांत तो दिसला. हात पुन्हा निळे.

मी थांबलो. विचारलं, "कसं चाललंय?"

"बरं हाय की. रंग झ्याक लागतोय. चाखावं बी लागत न्हाई. किती पान्याला किती पूड, त्ये डब्यावरच लिवलंय." तो हसला. मग माझ्या जवळ येऊन हळू आवाजात म्हणाला, "सायेब, त्या निकालात आपुन जिकलो न्हवं?"

"जिंकलो, मल्लप्पा."

"बायकू रोज इचारती. आपुन जिकलो, तर मंग सकाळी उटून तुमी तिकडं का जातासा? मी तिला काय सांगू?"

जन्मभर मी लोकांच्या वतीने उत्तरं दिली, त्याचेच पैसे घेतले. तो माझ्या तोंडाकडे बघत उभा होता. मग कंपनीचा भोंगा झाला, उशीर झाला तर खाडा पडतो म्हणाला, आणि आत गेला.